डाव्या नळीतली चार बोटं

२९ सप्टेंबर २००७, शनिवार. काम एकच होतं: लंडनजवळच्या पिनरच्या काकांच्या जुन्या दुनळी बंदुकीचा डावा घोडा मोकळा करायचा. खंडेनवमी तीन आठवड्यांवर आली होती.

हे काका आमच्या नात्यातले नव्हेत. इथं इंग्लंडात आल्यापासूनची ओळख. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावात ही दीडशे वर्षांची, नळीच्या तोंडातून दारू भरायची ठासणीची बंदूक घेतली आणि फायरप्लेसच्या वर टांगली. खंडेनवमीला ती पाटावर यायची. हळदकुंकू, फुलं झाली की काका उजवा घोडा मागे ओढून धरायचे, थोरली नात त्याखाली पेटती उदबत्ती ठेवायची आणि काका घोडा हलकेच सोडायचे. उदबत्ती चिमट्यात धरल्यासारखी राहायची. सगळे हसायचे, फोटो निघायचे. डावा घोडा हलायचाच नाही, म्हणून धाकटी दरवर्षी रुसायची. यंदा काकांनी तिला शब्द दिला होता. दोघींना एकेक घोडा.

मी स्लाऊच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर सुट्या भागांची मापं घेते. जुन्या बंदुका खोलून जोडायचा नाद शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्यामुळे लागला. त्याचा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला होता. त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: ठासणीची बंदूक हातात आली की आधी गज नळीत तळापर्यंत घालायचा, तोंडापाशी बोट धरायचं, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. आत-बाहेर सारखा उतरला तर नळी रिकामी. मी विकत घेतलेल्या प्रत्येक बंदुकीला हे केलं. काकांच्या बंदुकीला केलं नाही, कारण ती ओळखीच्या घरातली होती. चार वर्षांपूर्वी काकूंनी मला विचारलं होतं, आणि मी श्रीखंडाची वाटी हातात धरून, एक नजर टाकून सांगितलं होतं, "शोभेची आहे हो. रिकामी आहे."

त्या शनिवारी दुपारी गॅरेजमधल्या टेबलावर मी नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, घोड्याची कळ काढली. आत कुंकू आणि जुनं तेल मिळून लाल चिखल झाला होता. तो खरवडला, घोडा सुटला. तिथं थांबता आलं असतं. पण घोडा ज्यावर आपटतो ती नळीच्या बुडाशी असलेली, ठिणगी आत दारूपर्यंत नेणारी छोटी पोकळ बोंडी गंजलेली दिसली, आणि अर्धवट काम मला सोडवत नाही. बोंडीवर तेल सोडलं, पाना लावला, हलेना. गरम केली की सुटेल म्हणून ब्लोटॉर्च पेटवली. तेवढ्यात वाटलं, बोंडीतून आत गेलेलं तेल धुरकटेल, आधी पुसून घ्यावं. गजाला फडकं बांधलं. उजव्या नळीत गज तळाला टेकला. डाव्या नळीत चार बोटं अलीकडेच थांबला.

आधी वाटलं, गंज असेल. मग मी गज बाहेरून लावला. पुन्हा आत घातला, पुन्हा बाहेरून लावला. चार बोटं.

ब्लोटॉर्च हातभर अंतरावर निळी जळत होती. मी ती बंद केली. बंद झालेली चावी आणखी एकदा पिळली.  मग शेजारच्या म्हाताऱ्याला फोन केला.

तो सपाता घालूनच आला. मला लांब उभं करून त्यानं गजाच्या टोकाला बूच काढायच्या स्क्रूसारखा आकडा लावला आणि आतला ऐवज बाहेर काढला. आधी दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची चकती, मग मूठभर छर्रे, पुन्हा चकती, मग काळी दारू. बुडाची तेलानं भिजली होती, वरची कोरडी. त्यानं अंगणातल्या दगडावर चिमूटभर ठेवली आणि लांब काडीनं पेटवली. भस्सकन ज्वाळ उठली.

"ही कुणी तपासली होती?" त्यानं विचारलं.

"मी."

"गज घालून?"

मी नाही म्हटलं.   माझ्या डोळ्यांसमोर होती ती धाकटी, पाटाशी वाकलेली, हातात पेटती उदबत्ती, आणि घोडा मोकळा करून देणारी मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक जोडून पिनरला गेले. सोबत जॅमच्या बरणीत छर्रे. काका दारातच म्हणाले, "इंजिनीअरबाई एवढ्या लवकर? बिघडवलीस की काय?" मी बरणी टेबलावर ठेवली आणि छर्रे कुठून निघाले ते सांगितलं. काका खुर्चीत बसले. काकूंनी बरणी उचलली, हलवली, परत ठेवली.

"पण तू रिकामी म्हणाली होतीस," काकू म्हणाल्या.

"म्हणाले होते, काकू. न तपासता म्हणाले होते."

 काकूंनी बंदुकीकडे बघून विचारलं, "आता रिकामी आहे?"

मी हो म्हटलं नाही. गज काकांच्या हातात दिला, बोट कुठं धरायचं ते दाखवलं आणि त्यांना दोन्ही नळ्या स्वतः मोजायला लावल्या. आधी डावी. त्यांचं झाल्यावर गज काकूंकडे दिला.