गॉर्सची शिशी

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालूताईंना पहिल्यांदा वीस रुपये दिले, तेव्हा खोलीत त्या, मी आणि त्यांचा मुलगा निनाद असे तिघे होतो. रायपूरच्या समता कॉलनीत आम्ही शेजारी; त्यांच्या पुढच्या खोलीत औषधांचं कपाट होतं आणि कपाटावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पैसे त्या डब्यात आपल्या हाताने टाकायचे. "फुकटचं फूल लागत नाही," त्या म्हणत.

औषध म्हणजे विलायती फुलांच्या अर्कात भिजवलेल्या साखरेच्या गोळ्या. कुठे दुखतं, हे त्या विचारत नसत. माणूस दारात चप्पल कशी काढतो, बेल किती वेळ दाबतो, एवढं बघत. त्यांच्या मते फूल रोगाला नसतं, स्वभावाला असतं. घाईखोराला इम्पेशन्स, भित्र्याला मिम्युलस. मी वीजबिलातली चूक तिसऱ्यांदा सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही व्हाइट चेस्टनट. डोक्यात एकच चक्की चालून राह्यली." गोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. पण माणूस त्यांनी बरोबर ओळखला होता, असं माझी बायकोही म्हणाली.

एक शिशी त्या सहसा काढत नसत. गॉर्स, पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. "ज्यानं आस सोडली, पण घरच्यांचं मन राखाले औषध घेते, त्याचं हे फूल," असं सांगून त्या ती परत मागे सारत.

स्वतःला त्या ओक म्हणत. थकले तरी न थांबणाऱ्यांचं ते फूल. नवरा रेल्वेत होता, लकव्याने कित्येक वर्षं अंथरुणावर होता. त्याचं सगळं त्यांनी एकटीने केलं. "ओकचं झाड मी काही पाह्यलं नाही," त्या सांगत, "आपल्या जंगलातल्या सरईच्या झाडासारखं असन. उभं राहाचं, बस."

मागच्या उन्हाळ्यात त्या जिना चढताना मध्येच बसू लागल्या. बांगड्या कोपराकडे घसरायला लागल्या. मी म्हटलं, ताई, रक्त तपासून घ्या. त्यांनी मला ओकची शिशी दाखवली. ओकवाला थकणारच, त्याला डॉक्टर कशाला? आठवड्याने पुन्हा विषय काढला, तर व्हाइट चेस्टनट माझ्याच हातात ठेवली. निनाद नवा रायपूरच्या ऑफिसातून आला की मागे लागायचा, "आई, एक बार दिखा तो लो." त्याला त्यांनी रेड चेस्टनट ठरवलं, दुसऱ्याची उगाच काळजी करणारा. एकदा मी आवाज चढवला, तर रागीट माणसाचं हॉली. आमच्या प्रत्येक बोलण्यावर त्यांच्याकडे एक फूल होतं. काय बोलतो ते त्या ऐकतच नव्हत्या. बोलणारा कोणत्या फुलाचा, तेवढंच बघत होत्या.

नवरात्रात त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. दवाखान्यात नेलं, तर आतड्याचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत गेलेला. उन्हाळ्यात आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई निनादला बाहेर बोलावून म्हणाल्या. त्याने आत येऊन आईला काही सांगितलं नाही. पण चेहरे वाचण्यातच ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यापुढे तो चेहरा घेऊन उभा राहिला होता.

"भाऊ," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी ओक नव्हती. मले बिमारी होती. मी तिले स्वभाव समजून राह्यली होती."

त्यानंतर निनाद देईल ती दवाखान्याची गोळी त्या निमूट घेऊ लागल्या. वाद नाही, कोणाला फूल नाही. त्याला वाटलं, आई सुधारते आहे. तो चहाला खाली गेला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "घरून गॉर्सची शिशी आणा. ह्या दवाखान्याच्या गोळ्या मी माह्या पोट्ट्यासाठी, निनादसाठी घेऊन राह्यली." जरा दम घेऊन म्हणाल्या, "अन् डब्यात पैसे टाकजा."

मी शिशी आणली. चार गोळ्या त्यांच्या जिभेवर ठेवल्या. त्या विरघळायला वेळ लागला, तोंड कोरडं होतं. फुलाने काहीही केलं नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या.

डब्याचं राहूनच गेलं होतं. तेरवीनंतर निनाद कपाट आवरत होता. मी वीसची नोट डब्यात टाकली. त्याने वळून बघितलं.

"काका, अब ये किसको?"

"तुझ्या आईला," मी म्हटलं. "गॉर्सचे."