टेकडीवरचे घड्याळजी आणि त्यांची गाडी

घड्याळजींचा कशावरच विश्वास नव्हता. दगडावर पाय ठेवण्याआधी ते तो बुटाच्या टोकाने हलवून बघत. चहाचा ग्लास उजेडात धरून तपासत. दुकानातून नवीकोरी आणलेली गाडी चालवण्याआधी तिचा प्रत्येक स्क्रू काढून पुन्हा बसवत. "दुसऱ्याने आवळलेला स्क्रू आवळलेला नसतो, बाई," असं ते मला सांगत. चाळीस वर्षं रविवार पेठेत लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला असं म्हणायचा हक्क असावा.

संशयात मीही काही मागे नाही. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला आणि परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षण करण्यात. मोज्यात, अंबाड्यात, पट्टीच्या मागे, मुलं कुठे कुठे चिठ्ठ्या दडवतात हे मला न बघता कळायचं. निवृत्त झाले तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी काठी घेऊन रोज सकाळी टेकडीवर जाऊ लागले, आणि तिथेही कोण कुत्र्याला मोकळं सोडतो, कोण फुलं तोडतो यावर माझं लक्ष असे.

अशाच एका सकाळी जुन्या खाणीच्या बाजूला, झुडपांमागे, एक अनोळखी दाढीवाला गृहस्थ अर्धा तास जमिनीकडे बघत उभा दिसला. हातात पिस्तुलासारखं काहीतरी. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाकावर बसल्या बसल्या मी फोटो काढला आणि वनरक्षकाला पाठवला. खाली लिहिलं, "दाढीवाला इसम. हातात पिस्तुलासारखी वस्तू." दाढीचा उल्लेख कशाला हवा होता, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

ते पिस्तूल म्हणजे रिमोट होता, आणि तो गृहस्थ म्हणजे घड्याळजी. मूठ, ट्रिगर आणि बाजूला वळवायचं छोटं चाक. घड्याळजींच्या पायाशी हातभर लांबीची एक खेळण्यातली जीप दगडावर चढत होती, तीही मुंगीच्या चालीने. या गाड्यांना क्रॉलर म्हणतात. पळवण्यासाठी नव्हे, खडकांवरून सावकाश चढवण्यासाठीच त्या बनवलेल्या असतात. घड्याळजींना चौकीवर दोन तास बसवून ठेवलं. गाडी उघडून पाहिली. परत दिली तेव्हा तिचे चार स्क्रू गायब होते. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी वनरक्षकाने हसत हसत सांगितलं, आणि तुमचं नाव कुठे येणार नाही, असंही म्हणाला. खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली.

पंधरा दिवसांनी घड्याळजी पुन्हा टेकडीवर आले. फिरायला आलेली एवढी माणसं होती, पण ते सरळ माझ्या बाकापाशी आले आणि रिमोट पुढे करून म्हणाले, "जरा धरता का? मला तो दगड सरकवायचाय." माझ्याकडेच का? नक्की काय हवंय यांना? मी रिमोट धरला, पण पर्स काखेत घट्ट दाबूनच. दगड सरकवून झाल्यावर ते रिमोट परत घेईनात. म्हणाले, "आता चढवून बघा."

मी ट्रिगर दाबला आणि गाडी पहिल्याच दगडाला अडली. मी आणखी जोरात दाबला. चाकं गरगरली, गाडी पाठीवर आपटली आणि झुरळासारखी पडून राहिली. घड्याळजींनी ती सरळ केली. अडलं की जोर लावायचा नाही, म्हणाले. थांबायचं, जवळ जाऊन वाकायचं आणि कुठलं चाक कशाला टेकलंय ते बघायचं. मी घाई केली की त्यांचं एकच वाक्य असे, "दगड कुठे पळून चाललाय का, बाई?" बारा-तेरा दिवसांनी तो पहिला दगड मी चढवला, आणि या वयात, भर टेकडीवर, मी टाळ्या वाजवल्या. गुडघे दुखत असूनही मी रोज वाकत होते, हेही त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं.

दोन महिन्यांनी त्यांनी मला एक जुनी गाडी मिळवून दिली. पुढच्या चाकांत पितळी वजनं बसवतो, म्हणजे चढावर तोंड उचलणार नाही, असं सांगून ती घरी नेली. एवढं शिकवणारा माणूस आतली मोटर बदलून ठेवील असं मला खरंच वाटत होतं का? वाटत होतं. म्हणून देण्याआधी मी मोटरवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावला होता. गाडी परत आली, ठिपका जागेवर होता. शेजारी सुईने कोरलेली एक इवलीशी खूण होती. दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणाच्या आत घड्याळजी तशी खूण करत असत. ते एवढंच म्हणाले, "तुमची खूण होतीच. माझीही करून टाकली." मला तोंड वर करवेना.

एका गोष्टीचा संशय मात्र त्यांनी सोडला नव्हता. वनरक्षकाकडून तो फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला होता. अधूनमधून चहा पिताना ते विचारत, "हा कुणी काढला असेल हो?" आणि उत्तराची वाट बघत थांबत. एकदा मी हास्यक्लबच्या टोपीवाल्यांकडे बोट दाखवलं. त्यांना फोटो काढायची फार हौस आहे, म्हटलं. घड्याळजींनी मान डोलावली आणि ग्लास खाली ठेवला. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःची किळस आली. सांगितलं तर हा माणूस पुन्हा माझ्याकडे बघणार नाही, आणि माझी सकाळ पूर्वीसारखी नुसती पाळत ठेवण्यात जाईल, याची मला भीती वाटत होती.

मग त्यांच्या मुलाने वाघोलीला फ्लॅट घेतला. तिथून टेकडीवर येणं जमण्यासारखं नव्हतं. शेवटच्या सकाळी त्यांनी माझ्या गाडीचे सगळे स्क्रू एकदा आवळून दिले. आम्ही दोन्ही गाड्या खाणीच्या कडेपर्यंत चढवल्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणाले, "तो फोटो मी काढला होता."

"माहीत आहे," घड्याळजी म्हणाले. त्यांनी फोन काढला आणि फोटोचा खालचा कोपरा दोन बोटांनी मोठा केला. तिथे माझ्या काठीचं टोक आलं होतं, लाल रबराचं. टेकडीवर लाल रबराची काठी माझी एकटीचीच. "पहिल्या दिवशीच ओळखली होती."

मी माफी मागितली. दाढीबद्दल लिहिलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"मग मला शिकवलंत कशाला?" मी विचारलं.

"लांबून तुम्हाला ते पिस्तूल वाटलं," ते म्हणाले. "म्हटलं, एकदा हातात देऊन बघावं."

मी नकळत काठी पाठीमागे घेतली. घड्याळजींनी ते बघितलं. दोन्ही गाड्या त्यांनी काखेत घेतल्या आणि खाली जाणारी वाट बुटाच्या टोकाने चाचपून पाहिली.

"काठी पुढे घ्या, बाई," ते म्हणाले. "उतार आहे, घसराल."