पाऊल न वाजवता

कॉपीराइटवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘क्रीप’ या इंग्रजी शब्दापाशी अडले. बाळ रांगतं ते क्रीप, वेल भिंतीवर चढते तेही क्रीप, आणि ज्याच्या नजरेनं अंगावर काटा येतो तो माणूसही क्रीपच. लेखात मात्र कॉपीराइटचा हक्क कुणाच्या लक्षात न येता पसरत जातो, असा अर्थ होता.

तेवढ्यात शेजारच्या सुमनकाकू मोबाइल घेऊन आल्या. नात रांगू लागली त्याचा व्हिडिओ त्यांनी नेटवर टाकला होता. त्यात त्या अंगाई गात होत्या. आता त्याचा आवाजच बंद झाला होता. कुठल्याशा कंपनीनं त्या अंगाईवर हक्क सांगितला होता.

“अगं, ही माझ्या आईची अंगाई. तिला तिच्या आईनं शिकवलेली. यांची कधी झाली?”

माझ्या मनात पुन्हा ‘क्रीप’साठी मराठी शब्दाचा शोध सुरू झाला. अतिक्रमण म्हणावं तर त्यात धक्काबुक्की असते; इथे पाऊलही वाजलं नव्हतं.

मी त्यांच्या वतीनं तक्रार पाठवली. काही दिवसांनी आवाज परत आला. काकू हरखल्या, पुन्हा पुन्हा ऐकत बसल्या. तरी आता नातीला झोपवताना कुणी मोबाइल समोर धरला, की त्या गाता गाता थांबतात.