पाय धुतल्याशिवाय मळ्यात नाही

पालघरजवळच्या माहीमच्या भिका राऊताच्या पानमळ्यात एका आठवड्यात सात वेलींनी माना टाकल्या आणि आठव्या दिवशी ठकीला झापाबाहेर, मळ्याच्या झावळ्यांच्या दाराबाहेर, काढलं.

का काढलं, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. पानमळ्याचा कायदा सगळ्यांना पाठ होता. वहाणा बाहेर, विडी बाहेर आणि महिन्याचे चार दिवस बाई बाहेर. वेल म्हणजे देवी, तिला विटाळ सोसत नाही. आता वेल जळली, म्हणजे विटाळ झाला. विटाळ झाला, म्हणजे कुणीतरी बाई नको त्या दिवशी आत शिरली. मळ्यात पानं खुडायला बायका तीन, त्यांतल्या दोघी भिकाच्या भावकीतल्या. मग राहिली कोण? डोंगरावरून आलेली वारलीण. दुबळ्याच्या गळ्यात दोष बांधायला पंचांग लागत नाही.

"ठके, उद्यापास्नं येऊ नको," भिका म्हणाला. माणूस वाईट नव्हता. बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

ओट्यावर त्याची आई दमयंतीबाय बसली होती. तिने तेवढी भीड ठेवली नाही. "देवीच्या जाग्यात कसं यावं ते तीस वर्षांत कळलं नाय तुला?"

"बाय, माझा विटाळ सुटून दोन पावसाळं झालं," ठकी सरळ बोलली. "आता आणायचा तं कुठून आणू? पालघरच्या बाजारात मिळतो का?"

रहाटावरचा बुधा फिस्सकन हसला आणि भिकाने डोळे वटारल्यावर रेड्याच्या पाठीवर उगाच एक चापट मारून रहाट हाकू लागला. चार पुरुषांसमोर बाईने असं बोलावं! दमयंतीबायचा चेहरा लाल झाला.

"मग नजर लागली तुझी."

"नजर तं तीस वर्षं याच येलींवर हाय. तवा कशा नाय जळल्या?"

पण बिनतोड बोललं म्हणून निकाल बदलतो असं थोडंच आहे? ठकीने अंगठ्यातली पानं खुडायची पत्र्याची नखी काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि झाप ओढून बाहेर पडली.

ही नखी म्हणजे तिची सगळी कमाई. चौदा वर्षांची असताना ती मनोरकडच्या पाड्यावरून आईबापांबरोबर भातझोडणीला खाली उतरली होती. भिकाच्या बापाने तिला पानं खुडताना पाहिलं आणि ठेवून घेतलं. देठाला झटका न देता, वेलीला कळूही न देता ती पान उतरवायची. पान कोवळं किती, तयार किती, हे ती बोटाने ओळखायची. तिच्या हातची करंडी पालघर स्टेशनावर चढली की घेणारा वरची फडकीसुद्धा उचलून बघत नसे. देवीला हात लावायला हा हात चालत होता. देवी आजारी पडली, तेव्हाच तो हात वारलिणीचा निघाला.

नवरा जिवल्या त्या वर्षी तारापूरला होता. तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि आसपासच्या पाड्यांतली माणसं खडी वाहायला जात होती. रविवारी तो आला तेव्हा म्हणाला, "चल माझ्यासंगं. तिथं कोण विटाळ इचारत नाय. पाटी उचल, टाक, बस."

"येईन. पण आत्ता नाय."

"का? तो काय तुझा बाप हाय?"

"आत्ता गेले तं चोरावानी गेले. उद्या माहीम-केळव्याची एकपण वाडी मना आत घेणार नाय. म्हणतील, हीच ती, भिकाशेटचा मळा खाल्लेली."

जिवल्या तिला ओळखून होता. त्याने भाकर खाल्ली आणि निमूट तारापूरची वाट धरली.

दुसऱ्या दिवसापासून ठकी मळ्याच्या कुडाबाहेर, बांधावर येऊन बसू लागली. बांध सरकारी होता, तिथून कोण उठवणार? गवताचा भारा शेजारी ठेवायची, म्हणजे काम करते असं दिसे, आणि कुडाच्या फटीतून आत बघत राहायची. आठवड्यात वेली सातांच्या चौदा झाल्या. विटाळ घरी पाठवला होता, रोग मात्र मुक्कामालाच राहिला.

बघता बघता तिच्या लक्षात आलं ते असं. वेली कशाही मरत नव्हत्या, ओळीने मरत होत्या. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, मग रहाटाच्या पाण्याचा पाट जसा खाली उतरतो तशी एकामागून एक. आधी पान पिवळं पडून लोंबायचं, मग बुडाशी वेल काळी पडायची आणि सडक्या केळीसारखी चिकट दिसायची. आणि रोज सकाळी भिकाशेट, काळजीने अर्धा झालेला, त्या वरच्या कोपऱ्यात आधी जायचा. घोट्यापर्यंत चिखलात उभा राहून मेलेल्या वेलींवरून हात फिरवायचा आणि त्याच चिखलाच्या पायांनी खालच्या, हिरव्यागार ओळींत उतरायचा. बिचारा वहाणा मात्र न चुकता झापाबाहेर काढायचा.

त्या वरच्या कोपऱ्यात काय लावलं होतं, तेही ठकीला ठाऊक होतं. ज्येष्ठात भिकाने केळव्याकडच्या एका वाडीतून नवी कलमं आणली होती. त्या वाडीवाल्याने मळा मोडायला काढला होता. का मोडला, हे भिकाने विचारलं नाही. आयती कलमं मिळताहेत म्हणून तो खुशीत होता.

तेवढ्यात शेतकी खात्याचा माणूस आला. पुंजाराम त्याचं नाव. मराठवाड्यातला पोरगेला गडी, सायकलवर पत्र्याची पेटी बांधून गावोगाव हिंडायचा. पानवेल त्याने इथे आल्यावरच पाहिली होती आणि ते तो लपवतही नव्हता. त्याने एक मेलेली वेल उपटली, बुडाचा वास घेतला नि तोंड वाकडं केलं.

"भाऊ, ही मर आहे. रोगाचं बी मातीत असतं. डोळ्याला दिसत नाही, पण पाण्यात पोहतं. पाटाबरोबर जातं, चिखलाबरोबर जातं. तुम्ही नवी कलमं कुठून आणली होती का?"

भिका मेलेली वेल उगाच चाळवत राहिला. आईसमोर, गड्यांसमोर काय बोलणार?

"ज्येष्ठात आणली," कुडापलीकडून आवाज आला. "केळव्याकडून. त्या कोपऱ्यात लावली."

"तुला कोणी इचारलं?" भिका गरजला.

"सायबानं इचारलं. तुमी नाय बोललात, म्हणून मी बोलले."

पुंजारामने कुडाकडे पाहिलं. "मावशी, आत या ना."

"मना आत यायची बंदी हाय, सायेब. मी इटाळ हाय."

पोरगा गोंधळला, पण भिकाचा चेहरा बघून त्याने विषय सोडला. त्याने खिशातून छापील कागद काढला आणि औषध सांगितलं. मोरचूद वेगळं भिजवायचं, तेवढाच कळीचा चुना वेगळा विरघळवायचा, लाकडी नाहीतर मातीच्या भांड्यात दोन्ही एकत्र करायचं आणि ते निळं पाणी पानांवर फवारायचं, बुडाशी ओतायचं. मोरचूद त्याने पेटीतून काढून दिलं. चुना घरात होता. मागच्या दिवाळीला भिंती पोतारून उरलेला, माळ्यावर उघड्या टोपलीत ठेवलेला.

तयार पानं खुडून घेतल्यावर दुपारी फवारा मारला. तिसऱ्या दिवशी चांगल्या वेलींची पानं विस्तव पडल्यासारखी तपकिरी डागांनी भरली.

भिका डोक्याला हात लावून पाटाच्या काठावर बसला. "सायेब, रोगानं चार येली ठेवल्या असत्या. तुमी त्यापण नाय ठेवल्या."

पुंजाराम पांढराफटक. पुन्हा पुन्हा तो कागद वाचत होता. माप बरोबर होतं, भांडं बरोबर होतं. आणि ओट्यावरून दमयंतीबाय म्हणत होती, "ती कुडातून बघत बसते ना रोज! औषधालापण नजर लावली मेलीनं."

यावर मात्र ठकीचं डोकं फिरलं. ती उठली, झाप लोटला आणि बंदी-बिंदी न बघता थेट ओट्यापर्यंत आली.

"चुना दाखवा."

"काय?"

"चुना! ज्यानं औषध केलं तो. दाखवा मना."

बुधाने टोपली आणून ठेवली. ठकीने चिमूटभर चुना जिभेवर ठेवला आणि थुंकली. तंबाखूला रोज चुना चोळणारी बाई ती. चुना जिवंत की मेलेला हे कागद बघून नाही, जीभ भाजली का त्यावरून कळतं.

"राख हाय ही. मेला कधीच. पाण्यात टाकला तवा उकळला होता काय?"

पुंजाराम आठवून म्हणाला, "नाही. नुसता बुडाला."

"मग? जित्ता चुना पाण्यात पडला का बोंबलतो."

पोराने कपाळावर हात मारला. "हवा लागून चुना मेला, म्हणून मोरचुदाची आग तशीच राहिली. अन् ती मारणार कोण? चुनाच!" मग ओशाळून म्हणाला, "मावशी, कागदात शेवटी एक ओळ आहे. औषध झाल्यावर त्यात लखलखीत विळा बुडवून बघायचा. तांबूस झाला तर चुना कमी. मी बघितलंच नाही. मला वाटलं, माप बरोबर आहे ना, मग झालं."

चूक कबूल करणारा सरकारी माणूस माहीमने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मडक्याच्या तळाला थोडं औषध उरलं होतं. त्यात विळा बुडवला, तर पात्यावर तांब्याचा रंग चढला. सगळ्यांनी पाहिलं, दमयंतीबायनेसुद्धा.

समुद्राकडे शिंपल्या भाजायची भट्टी होती. बुधा तिथून ताजा चुना घेऊन आला. पाण्यात टाकताच तो असा फसफसून उकळला की रेडा दचकला. नवं औषध आभाळासारखं निळं झालं आणि त्यातून विळा जसा गेला तसाच पांढरा बाहेर आला. ठकीच्या सांगण्यावरून पाट वरच्या कोपऱ्याला वळसा घालून नेला, मेलेल्या वेली उपटून जाळल्या. तरी सगळं वाचलं असं नाही. जवळपास अर्धा मळा गेलाच. पण दिवाळीच्या सुमाराला मर थांबली.

वरच्या कोपऱ्यात मात्र एक नवल राहिलं होतं. मेलेल्या ओळीत, त्याच चिखलात, पांगाऱ्याला बिलगलेली एक जुनी वेल औषधाआधीही हिरवी होती, नंतरही हिरवीच. बुडाशी एक काळा डाग पडला होता, पण तो तिथेच वाळून खपली धरून बसला होता.

पुंजाराम उकिडवा बसून बघत राहिला. "काही झाडांच्या अंगातच असतं, मावशी. रोग शिरला की त्याच्याभोवतीचा आपलाच भाग ते मारून टाकतात. रोग तिथेच कोंडला जातो. औषध आपण रोज देऊ, पण खरी राखण अशा वेलीच्या पोटी. हिची कलमं धरून बघा. दोन पावसाळे टिकली, तर खरी म्हणायची."

भिका ठकीकडे वळला. म्हणाला, "कलमं तूच कापशील ना? दुसऱ्याचा हात नको हिला."

ठकीने पदराची गाठ सोडली आणि नखी अंगठ्यात चढवली. पण वेलीला हात लावायच्या आधी तिने सगळ्यांना झापाबाहेर काढलं. चुन्याच्या निवळीचं घमेलं तिने झापाच्या तोंडाशी, वहाणा काढायच्या जागेवर ठेवलं.

"आता माझा कायदा," ती म्हणाली. "आत येईल त्यानं यात पाय धुवायचं. बाई असो, बाप्या असो, देवीचा भगत असो."

बुधाने धुतले. पुंजारामने पाटलोण गुडघ्यापर्यंत वर करून धुतले. दमयंतीबाय ओट्यावरून उतरली, घमेल्याशी घुटमळली, काहीतरी पुटपुटली आणि लुगडं सावरून तिनेही पाय बुडवले.

भिका सवयीने तसाच आत निघाला होता. पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"शेट," ठकीने झाप आडवा धरला. "पाय."