देवघरेंची लाहोरची गाडी

"लाहोरची गाडी किती लेट आहे जी?"

जबलपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसून मी पुष्कळ अजब प्रश्न ऐकले, पण हा प्रश्न दर इतवारी सकाळी दहाच्या ठोक्याला यायचा. विचारणारा माणूस चांगला शुद्धीवर. इस्त्रीचा सदरा, पँटला सायकलची क्लिप, खिशाला फॅक्टरीचा बिल्ला. पहिल्या वेळी मी उखडलोच. "भैया, लाहोरची गाडी अमृतसरपर्यंत येते. जबलपूरला कोणी आणली?"

तो शांतपणे म्हणाला, "तिच्यातून उतरलेला माणूस दिल्लीहून ज्या गाडीत बसते, ते गाडी इथं येते ना? मंग पहिली लेट झाली का दुसरी चुकते. म्हणून विचारून राहिलो."

त्याचं ते नागपुरी मराठी ऐकून माझा पारा उतरला. पण या गृहस्थाला नेमकं हवंय काय, ते काही डोक्यात शिरलं नाही.

हे पांडुरंग देवघरे. राहायला रांझीला, नोकरी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत, तपासनीस. दिवसभर हातात माप घेऊन गोळे तपासायचे. मापात बसला तर पास, नाही तर बाजूला. घरातही तीच तऱ्हा. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी मला जेवायला बोलावलं, तेव्हा ताटातल्या पोळीकडे बारीक नजरेनं बघून म्हणाले, "पास." वहिनी कपाळावर हात मारून मला म्हणाल्या, "भावजी, लग्न झाल्यापासून हा एवढाच शब्द ऐकून राहिली मी!"

त्या जेवणात सगळा उलगडा झाला. आई लहानपणीच गेली, देवघरेंना थोरल्या ताईनं वाढवलं. ताईचं लग्न होऊन ती कराचीला गेली. नवरा तिथे बंदरावर नोकरीला. फाळणी झाली, नवऱ्यानं नोकरी सोडली नाही, आणि ताई तिकडचीच होऊन बसली. सतरा वर्षांत भेट नाही. आता कुठे तिला व्हिसा मिळत होता, तोही बालाघाटच्या मोठ्या भावाकडे जाण्याचा. लाहोर-दिल्लीमार्गे यायचं, जबलपूरला नुसती गाडी बदलायची, मोठीतून उतरून बालाघाटच्या छोट्या गाडीत बसायचं. मध्ये दोन तास. त्या दोन तासांसाठी हा माणूस दोन महिने आधीपासून गाड्यांचा उशीर तपासत होता. "दहा गोळे पाहिल्याशिवाय पेटी पास करत नाही मी," म्हणाले.

पण फॅक्टरीचा नियम होता. परदेशी माणसाला भेटायचं तर लेखी परवानगी हवी. "सख्खी बहीण परदेशी काहून झाली, ते मले अजून समजलं नाही," असं म्हणत त्यांनी अर्ज केला. दर शनिवारी विचारायचे, दर शनिवारी उत्तर एकच, अजून आली नाही.

"अहो, कोण बघतंय? खुशाल भेटा!" मी म्हटलं.

"मीच पाहून राहिलो ना," ते म्हणाले.

ताई यायचा दिवस उजाडला, परवानगी नाही. देवघरेंनी खिडकीतून एक डबा आत सरकवला. "एवढा ताईले द्या. मी फलाटावरच्या पुलावर उभा राहतो. नियम भेटण्याचा आहे, पाहण्याचा नाही." संताप संताप झाला माझा. असा कसा हा भाऊ! तरी डबा घेऊन फलाटावर गेलो. ही गर्दी! दोन बायकांना "तुम्ही कराचीच्या का?" विचारलं. त्यातल्या इथल्याच, जवळच्या पाटणच्या बाईनं मला असं काही फैलावर घेतलं की पुन्हा तोंड उघडायची हिंमत होईना. शेवटी ट्रंक घेऊन उभ्या असलेल्या एका सडपातळ बाईनंच माझ्या हातातल्या डब्यावरचं देवघरेंचं नाव वाचलं. "पांडू कुठे आहे?"

"फॅक्टरीत काम निघालं," मी ठोकून दिलं. तिचा चेहरा असा उतरला की माझी मलाच लाज वाटली. "पुलावर आहेत ते," मी पुटपुटलो. "पण वर बघू नका. परवानगी नाही मिळाली."

वाटलं, आता ही रडणार, नाही तर हाक मारणार. तिनं नुसती ट्रंक उचलली. छोट्या गाडीच्या फलाटावर गेल्यावर ट्रंक फिरवून ती पुलाकडे तोंड करून बसली आणि डबा उघडला. तिखट पुऱ्या, वांग्याची भाजी, दोन लाडू. चौघांचं जेवण ते. एकेक घास चावत बाईनं सगळं संपवलं, पण मान एकदाही वर केली नाही. गाडीत चढताना रिकामा डबा माझ्या हातात दिला. "त्याला सांगा, भाजीत मीठ कमी होतं. आणि म्हणावं, किती वाळलायस रे."

कधी पाहिलं तिनं, देव जाणे.

पुलावर गेलो तर देवघरे कठडा धरून उभे. "जेवली," म्हणाले. "सगळं जेवली." आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, लहान मुलासारखे रडले. त्यांना छातीशी धरावं की खडसावावं, मला कळेना. खरं सांगायचं तर आजही कळत नाही.

परतीला बालाघाटच्या भावानं ताईला नागपूरमार्गे नेलं. पुढच्या वर्षी येते, म्हणाली होती. पुढच्या वर्षी लढाई लागली आणि लाहोरची गाडी बंद झाली. फॅक्टरी रात्रंदिवस चालू. देवघरे कित्येक महिने दिसले नाहीत. मग एका इतवारी, दहा वाजता, खिडकीत एक कागद आला. परवानगी!

"लाहोरची गाडी किती लेट आहे जी?"

"बंद आहे, देवघरेजी. तुम्हाला ठाऊक आहे."

"बंद नका म्हणू," ते म्हणाले. "लेट म्हणा. अन् हा कागद तुमच्यापाशीच ठेवा. ऐन वेळी घरी राहिला तर पंचाईत होईल."

मग दर इतवारी तेच. खिडकीतून कधी चुकीची माहिती न दिलेला मी, "लेट आहे" म्हणायला लागलो.

"किती?"

"अजून कळलं नाही."

"अच्छा, चलो." सायकलला टांग मारून जायचे. पुढे ते रिटायर झाले, त्यांना कुणाच्या परवानगीची गरज उरली नाही, तरी कागद त्यांनी परत मागितला नाही.

एका इतवारी साडेदहा वाजून गेले, तरी प्रश्न आला नाही. तेव्हाच मी खिडकी बंद करून रांझीला निघालो. अंगणात माणसं जमली होती. तेराव्याला मी तो कागद वहिनींपुढे धरला. त्यांनी हात लावला नाही. "तुमच्यापाशीच राहू द्या, भावजी," म्हणाल्या. "ताई आल्या तर आधी स्टेशनवरच उतरतील."

कागद अजून माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलाय, शाई उडालीय. शेवटची ओळ तेवढी वाचता येते. भेटण्यास हरकत नाही.