कमरेची कोयती

पंचावन्न साली मालोजी कोळी आईला घेऊन पिंपरीला आला आणि नव्या कारखान्यात हमालीला लागला. समुद्र सोडून या माळावर कशाला आलास, असं जो तो विचारी. तो हसून वेळ मारून नेई. सांगणार तरी काय?

त्याआधी समुद्रावर एके दिवशी एकाच वाऱ्यात तीन होड्या सापडल्या. तिन्ही होड्यांची जाळी तळच्या खडकात गुंतली. दोन होड्यांनी जाळी कापली, आणि रिकाम्या हातांनी का होईना, त्यांची माणसं घरी आली. मालोजीची होडी मात्र जाळ्याच्या ओढीनं एका अंगावर कलली. त्यानं कमरेची कोयती उपसली, तोच धाकट्या दत्तोबानं त्याचं मनगट धरलं.

"दादूस, आयचं जालं हाय!"

यशोदाबाईनं पावसाळाभर डोळे फोडून विणलेलं जाळं. मालोजीचा हात थबकला. वेडी पोरं, दुसरं काय! तेवढ्यात होडी उलटली आणि दत्तोबा त्याच जाळ्यात अडकून गेला.

"कापलं का न्हाय रे?" आईनं एकदाच विचारलं.

"कोयती आधीच पान्यात परली," मालोजी म्हणाला. आपल्या हातच्या जाळ्यापायी पोर गेलं हे कळलं, तर ती जगायची नाही, ही त्याला धास्ती. कोयती त्यानं ट्रंकेच्या तळाशी दडवली. फेकून द्यायला मन धजेना.

एका सुट्टीच्या दिवशी मायलेक पवनेवर धुणं धुवायला गेले. काठावर गेनू भोई नवंकोरं जाळं होडीत भरत होता. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती.

"कुनी विनलं?" यशोदाबाईनं विचारलं.

"बायकूनं, आजी."

म्हातारीनं धुण्याच्या गाठोड्यात हात घातला आणि कोयती काढून त्याच्यापुढं धरली. मुठीला काथ्या गुंडाळलेली. मालोजीनं ती लगेच ओळखली. तो काथ्या त्यानंच गुंडाळला होता.

"हे ठेव. जालं गुतलं तं कापून टाक, बाला. बायकोचा विचार करू नको, ती दुसरं विनंल."

"व्हय, आजी," गेनू गोंधळून म्हणाला आणि कोयती कमरेला खोचून होडीत बसला.

मालोजीला मान वर करवेना. आई खाली वाकली, ओले पिळे गोळा करू लागली.

"मी पन दुसरं विनलं आसतं रे," ती म्हणाली.