खेकड्याचा शिक्का

मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. माझे चुलतसासरे बोटीवर खलाशी होते. जपानातून परतले ते मऊ दगडाचे दोन तुकडे घेऊन. तिकडचा कारागीर म्हणे आपल्या वस्तूवर लाल शिक्का उठवतो. भाईंदरच्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी दोन शिक्के कोरले. सासूबाईंना भाताची लोंबी, मला खेकडा. "सून चिमटे काढते ना, म्हनून!"

आम्ही दोघी ताडाच्या पानांचे पंखे विणून विकायचो. कडेला मांजरपाटाची पट्टी शिवायची, तिच्यावर एरंडेलात कालवलेल्या शेंदरात बुडवून ज्याचा त्याचा ठसा. शिक्क्याच्या बाजूला बारीक खाच होती. ती अंगठ्याखाली धरली की न बघताही चित्र सरळ उठायचं.

एक दिवस बाजारातल्या शेठने माझ्यापुढे काही पंखे टाकले. "खेकडावाले पंखे गिऱ्हाइकाच्या हातात उसवतात, बाई. अजून एक खेप बघतो, मग बंद."

माझे टाके? उसवतात? कुणीतरी दुसऱ्याच्या पंख्यांवर माझा खेकडा उठवत होतं!

झालं. माझ्या डोक्यात पोलीस चौकी उघडली. चुलतसासऱ्यांवर संशय, कारण दोन कोरणारा तिसराही कोरेल. नणंदेवर संशय, कारण तिने विनाकारण माझ्या विणीचं कौतुक केलं. नवऱ्यावरही, कारण तो गपगुमान जेवला. शिक्का कुणाला सापडू नये म्हणून मी तो तांदळाच्या मडक्यात पुरला. त्या मडक्यातून रोज तांदूळ कोण काढायचं? सासूबाई! एवढी मी हुशार.

शेवटी परत आलेले पंखे नीट बघितले. सगळे खेकडे उताणे, पाय वर. मी खाच अंगठ्याखाली धरून ठसा उठवला, खेकडा सरळ. मग उगाच शिक्का डाव्या हातात घेतला, खाच त्या अंगठ्याखाली. खेकडा उताणा!

घरात डावखुरं एकच माणूस. ते समोर बसून डाव्या हाताने पट्टी शिवत होतं. त्यांच्या शिक्क्याची खाच मुद्दाम पलीकडच्या बाजूला कोरलेली मी स्वतः पाहिली होती.

"आई, हे तुमचे पंखे."

त्यांनी सुई थांबवली नाही. "मंग?"

"माझं नाव खराब झालं की!"

"तुझं नाव व्हतं कवा? मीच शिकवलं तुला." मग हळूच म्हणाल्या, "माझी नजर गेलीय. टाका दिसत न्हाय. शेठला कललं तर मना कोन इचारतंय? तू तरनी हायस, तुझं नाव परत व्हईल."

रागाने मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! पण त्या सुईत दोरा ओवायला गेल्या, आणि दोरा सुईच्या शेजारून गेला. मी सुई काढून घेतली.

पुढच्या खेपेला विणलं त्यांनी, पट्टी मी शिवली. त्यांच्या बोटांना विणायला डोळे लागत नव्हते. प्रत्येक पंख्यावर दोन्ही शिक्के. शेठने एकेक पंखा ओढून, ताणून बघितला आणि सगळे ठेवून घेतले.

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाईंनी कपाळाला आठी घातली. "समदे घेतले? एक पन परत न्हाय दिला?" माझ्या बाजूला पडलेला एक अर्धवट पंखा उचलून त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, टाका न टाका चाचपला. "एवढं घट्ट कशाला शिवतेस गं? माझ्या विनीत काय खोट हाय, ती झाकतेस?"